गुरुवारची शरू

शरूचा वार गुरुवार होता. सोमवार पुष्पाचा, मंगळवार गोडबोल्यांच्या धाकटीचा, बुधवार नलूचा, असे शनिवारपर्यंतचे वार वाटून दिलेले होते आणि रविवारी बाबा घरी असत म्हणून सुट्टी. वाटणी लेलेकाकूंनी केली होती. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमची बारा घरांची लाईन होती, आणि त्या लाईनीत बाळंतिणीला डिंकाचे लाडू कुणी पोचवायचे इथपासून गणपतीची आरास कुणाच्या व्हरांड्यात करायची इथपर्यंत सगळं लेलेकाकू ठरवत. ताप येऊन माझे पाय गेले, तेव्हा रोज दुपारी चार वाजता माझ्याशी खेळायला कुणी यायचं हेही त्यांनीच ठरवलं. ठरवलं ते प्रेमानं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून त्या कुणाला वाईट वाटायच्या. त्या वाईट नव्हत्या. त्या वर्षी आमच्या लाईनीत कुणी वाईट असेल तर ती मी.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. तापाचं, मुंबईच्या इस्पितळाचं मला फारसं लिहायचं नाही. आठवतं तेही तुकड्यातुकड्यांनी. नीट आठवतं ते घरी आल्यानंतरचं. इस्पितळातल्या नर्सनं आईला एक काम शिकवून पाठवलं होतं. जुन्या लोकरी ब्लँकेटच्या पट्ट्या कापायच्या, उकळत्या पाण्यात बुडवायच्या, घट्ट पिळायच्या आणि गरम असतानाच माझ्या पायांना गुंडाळायच्या. दिवसातून चार वेळा. त्या वर्षी आमच्या घराला ओल्या लोकरीचा वास होता. भाताला तो वास, उशीला तो वास, बाबांच्या धुतलेल्या शर्टालाही तोच. खिडकी उघडली की त्यात कारखान्याचा वास मिसळायचा, काड्यांसाठी सोललेल्या सावरीच्या ओल्या लाकडाचा आणि मेणाचा. स्टोव्ह सकाळपासून फरफरत असायचा. पूर्वी आई स्वयंपाक करताना काहीतरी गुणगुणायची. ते बंद झालं होतं आणि स्टोव्हच्या आवाजामुळे ते बंद झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नव्हतं. पिळून पिळून तिच्या तळहातांना फोड आले तेव्हा पंधरा दिवस लेलेकाकू येऊन पट्ट्या पिळत होत्या. मग त्यांच्या तळहातांना फोड आले.

लोकांना वाटायचं, माझ्या पायांना काही कळत नाही. पायांना सगळं कळत होतं. मुंगी चढली तर कळायची, पट्टीचा चटका कळायचा. ते हलत नव्हते, एवढंच. काही कळेनासं झालं होतं ते मला. आई रडायची ते मी बघायची. बाबा कारखान्यातून आले की माझ्या पायाचा अंगठा धरून म्हणायचे, "ढकल बघू मला," आणि थोडा वेळ वाट पाहून कपडे बदलायला जायचे, तेही मी बघायची. मला त्यातलं काहीच लागत नसे. शेजारच्या बिऱ्हाडातलं काहीतरी चाललंय आणि आपण भिंतीपलीकडून ऐकतोय, तसं. मला रडूच येत नाही याचं सगळ्यांना कौतुक होतं. "पोर मोठी धीराची," असं बायका आईला सांगत. धीर वगैरे काही नव्हता. काही वाटतच नव्हतं, तर धीर कशाला लागतो?

बाबा गुलाच्या खात्यात सुपरवायझर होते. काडीच्या टोकाला लावतात तो लाल गूल त्यांच्या नखांच्या कडांना कायम असायचा. त्यांनी सुतारखात्यातल्या मिस्त्रीकडून मालाच्या खोक्याच्या फळ्यांचा एक गाडा करून आणला. वीतभर उंच, खाली चार लोखंडी चाकं, पुढे दोरी. मी हातांनी जमीन रेटून गाडा चालवावा म्हणून मुठीत धरायला लाकडाचे दोन ठोकळेही त्यांनी करून घेतले होते. आईनं ते फळीवर ठेवून दिले. "हाताला घट्टे पडतील तिच्या," ती म्हणाली. त्यामुळे मला दोरीनं ओढायला नेहमी कुणीतरी लागायचं, आणि कुणीतरी नेहमी असायचंच. आमची लाईन तशी होती.

तर चार वाजता मुली यायच्या. तोंड धुऊन, वेणीफणी करून, देवळात आल्यासारख्या. पत्ते, सोंगट्या, सागरगोटे, जे मी म्हणेन ते खेळायच्या आणि हरायच्या. पुष्पा हरताना "अय्या!" म्हणायची. नलूला हरणं नीट जमायचं नाही. हुकमाचं पान हातात लपवून ठेवायची आणि डाव संपल्यावर गड्डीत खुपसायची. लेलेकाकूंनी सगळ्यांना बजावलं होतं की मला वाईट वाटेल असं काही करायचं नाही. साडेपाचला आई प्रत्येकीच्या हातावर गूळपोह्यांचा नाहीतर साखरखोबऱ्याचा खाऊ ठेवायची, आणि मुली फाटकाबाहेर पडल्या की धूम पळायच्या. त्यांच्या पळण्याचा आवाज मी मोजायची. पलीकडच्या मैदानापर्यंत साधारण चाळीस पावलं ऐकू यायची.

शरूची गोष्ट वेगळी होती. शरू दामले म्हणजे आमच्यापासून तिसऱ्या घरातली, माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी आणि ते तीन महिने कायम ऐकवणारी. आम्ही दोघी चालायला लागल्यापासून भांडत होतो. सागरगोट्यांवरून तर रोज. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि वरचा झेलायचा. पण उचलताना बाजूचा गोटा जरा जरी हलला तरी डाव गेला. शरूच्या हाताला हमखास दुसरा गोटा लागायचा आणि शरूच्या मते तो कधीच हलायचा नाही. "हलला!" "नाही हलला!" "मी पाहिला!" "तुझे डोळे हलले!" असं करत आम्ही वेण्यांपर्यंत जायचो. एकदा तिनं माझी रिबन फाडली होती आणि मी तिची पाटी विहिरीत टाकली होती. ती शरू आता गुरुवारी चार वाजता यायची, मांडी घालून समोर बसायची, आणि हातात येणारा गोटा बोटांतून सोडून द्यायची. "गेला माझा," म्हणायची. "आता तू." तिच्या तोंडावर काही नसायचं.

मला त्या दिवसांत काही वाटत नव्हतं असं वर लिहिलं आहे. त्यात एवढीच दुरुस्ती. शरूनं माझ्याशी भांडावं असं मला वाटत होतं. पाय परत यावेत असंही मी त्या वर्षी इतकं मनापासून मागितलं नसेल. शरूनं एकदा "नाही हलला" म्हणावं, बस्स.

आता मी बदलापूरला शिरगावात राहते, आणि आमच्या इमारतीच्या खाली ज्येष्ठांचं केंद्र आहे. तिथल्या ताई फार प्रेमळ आहेत. दर पंधरवड्याला हौजी असते. माझ्या खुर्चीला चाकं असल्यामुळे असेल, पण माझी पहिली ओळ फार वेळा लागते. परवा मी तिकिटावर चुकीचे आकडे खोडून हात वर केला, तरी टाळ्या वाजल्या. मी त्यांना काही बोलले नाही. ऐंशीच्या घरात माणूस भांडायला आळसतो.

तर, पापडवाली ईश्वरीबाई. निर्वासितांच्या पाच नंबर कॅम्पातून ती महिन्यातून दोनदा आमच्या लाईनीत यायची, डोक्यावर पत्र्याचा डबा, पायात पुरुषी चपला, अंगापिंडानं थोराड. सिंधमधलं घरदार सोडून आलेली, लष्कराच्या जुन्या बराकीत राहणारी. आमच्या व्हरांड्यात डबा उतरवून ती चहा घ्यायची आणि तेवढ्यात सगळ्या लाईनीच्या बायका जमायच्या. त्या दिवशी गुरुवार होता. मी आणि शरू खेळत होतो. ईश्वरीबाई बशी हातात धरून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिली.

"अडे, ये छोकरी तो जानबूझ के पाडती है!" ती एकदम म्हणाली.

आई म्हणाली, "ईश्वरीबाई, चहा निवतोय तुमचा."

"चाय पी लूंगी. पण तुम्ही बघा ना बाई. हाथ में आया हुआ छोड दिया. मी बघितलं." मग ती माझ्याकडे वळली. "और तू? तुला दिसत नाही? पैर गये, आँखें भी गयी क्या?"

शरू कानापर्यंत लाल झाली. आई उठून उभी राहिली. पण ईश्वरीबाईनं तोवर बशी खाली ठेवून शरूला बाजूला सरकवलं होतं आणि पदर खोचून माझ्यासमोर बैठक मारली होती. तिनं पाचही गोटे एका हातात घेतले, वजन बघितल्यासारखे खुळखुळवले आणि माझ्याशी तीन डाव खेळली. तिन्ही जिंकली. तिसऱ्या डावात माझा एक गोटा केसभर हलला, तरी मी तशीच खेळत राहिले. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. "हिल गया! बेईमान!" आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "हार गयी. शिकून ठेव. मी परत येते."

ती गेल्यावर आईनं तिची बशी मोरीत आपटली. "मेली कुठली! जिभेला काही हाड?" त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्याकडे पापड घेतले गेले नाहीत. त्या दिवशी जेवताना मी दुसऱ्यांदा भात मागितला हे मात्र आईच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मनगटावर चार बोटं उठली होती आणि मी ती जेवताना डाव्या हातानं दाबून बघत होते.

मात्र एक झालं. शरू मुद्दाम हरते हे मला माहीत होतं. बाकी सगळ्या मुद्दाम हरतात हेही दिसायला लागलं. आधी मला ते कळत नव्हतं असं नाही, पण मी बघत नव्हते. आता बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर थांबता येईना.

मग नवरात्र आलं. आमच्या लाईनीत नऊ दिवस भोंडला असायचा, रोज एका घरी. पाटावर तांदळाचा हत्ती काढायचा, मुलींनी एकमेकींचे हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी ज्यांच्या घरी भोंडला असेल त्यांनी केलेली खिरापत ओळखायची. घरातली बाई झाकलेला डबा घेऊन येते, मुलींच्या कानाजवळ हलवून दाखवते, मुली विचारतात, तिखट की गोड, कोरडं की ओलं, आणि एकेक नाव घेतात. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. सगळ्या बायका अशी काही खिरापत करायला बघत की मुलींना अर्धा तास सुचू नये. आदल्या वर्षी शरूच्या आईची फणसाच्या आठळ्यांची उसळ कुणालाच ओळखता आली नव्हती, आणि दामलेकाकू वर्षभर ते सांगत होत्या.

मला कुठे बसवायचं यावर थोडी चर्चा झाली. फेरात गाडा घेतला तर मुलींच्या नडग्यांना लागेल. बाजूला ठेवलं तर बरं दिसणार नाही. "मधे बसवू या," लेलेकाकू म्हणाल्या. "तिला सगळ्या दिसतील, सगळ्यांना ती दिसेल." आईचे डोळे भरून आले. मग हत्तीचा पाट जरा सरकवून त्याच्या शेजारी माझा गाडा ठेवला. मुली माझ्याभोवती फिरायला लागल्या. खाली बसून मला परकरांचे काठ आणि घोटे तेवढे दिसायचे, एकामागून एक, एकामागून एक. फेर सुरू होण्यापूर्वी गोडबोल्यांच्या आजीनं हत्तीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि त्याच ओघात तिचा हात पुढे सरकून माझ्या कपाळाला कुंकू लागलं, डोक्यावर फूल पडलं. आजीनं हात जोडले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. शेवंतीचं फूल होतं, ते घसरून मांडीवर आलं, मी ते उचलून हत्तीला वाहिलं.

पहिल्या दिवशी खिरापत ओळखायचा मान मला दिला. डबा माझ्या कानाशी हलवला. मी म्हटलं, "भडंग." "ओळखलं!" आणि खरोखर भडंग होतं. टाळ्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चिरोटे," तेही निघाले. तिसऱ्या दिवशी मी "वाटली डाळ" म्हटलं आणि हातावर दडपे पोहे पडले. "वर डाळं घातलंय ना, म्हणजे बरोबरच की," नलूची आई म्हणाली. टाळ्या. चौथ्या दिवशी मी मुद्दाम गोड पदार्थाचं नाव घेतलं. डब्यातून लसणीचा वास येत होता. "ओळखलं गं ओळखलं!" टाळ्या. त्यानंतर कुणी झाकण माझ्यासमोर उघडेचना. बाई "ओळखलं" म्हणून पाठ फिरवायची आणि खिरापत द्रोणात घालून आणायची. बाकीच्या मुलींना कुणी विचारत नव्हतं. त्या नुसत्या उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. फक्त शरू वाजवत नसे.

नववा दिवस लेलेकाकूंचा. त्यांनी अंगणात सडा घातला होता, हत्तीला झूल काढली होती, नवीन हिरवं लुगडं नेसल्या होत्या. गाणी संपली. काकू डबा कडेवर घेऊन आल्या, माझ्यापाशी वाकल्या आणि हलवला. आत काहीतरी जड, मऊ सरकलं. सगळ्या बायका हसून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "खिळे."

"अगदी बरोबर!" काकू म्हणाल्या. "ओळखलं माझ्या सोनीनं!"

मुलींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चारपाच वाजल्यावर त्या थांबल्या. कुणीतरी फसकन हसलं, बहुतेक पुष्पा, आणि लगेच गप्प झाली. काकू डबा धरून तशाच वाकलेल्या होत्या. त्यांच्या तोंडावरचं हसू अजून होतं, ते कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. "माझं लक्ष नव्हतं गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी झाकण उघडलं. नारळीपाकातल्या वड्या होत्या, केशर घातलेल्या, प्रत्येकीवर एक बेदाणा. त्यांनी सगळ्यांना त्या वाढल्या, एकीलाही चुकल्या नाहीत, आणि आत गेल्या. मी माझी वडी खाल्ली. चांगली झाली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, वार तिचा नसताना, शरू आली. आई नळावर गेली होती. शरू दारात उभी राहिली.

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"काकू परवा जेवल्या नाहीत."

"मग खोटं कशाला बोलतात?"

"खोटं? तुझ्यासाठी हात भाजून घेतले त्यांनी! आणि आम्हाला काय हौस आहे? सगळ्या तिकडे लगोरी खेळतात आणि मी इथे तुझ्यापुढे गोटे पाडत बसते!"

"मग नको पाडूस!"

"नाही पाडत! बस एकटी!"

ती कोनाड्यातले सागरगोटे घ्यायला वाकली, फेकणार होती बहुतेक, आणि तिची वेणी माझ्या हाताशी आली. मी ती धरली आणि ओढली. ती माझ्यावर आली. मी तिच्या दंडाला, पोलक्याच्या बाहीवरूनच, चावले. चांगली दात रुतेपर्यंत. तिनं मला ढकललं, मी गाड्यावरून खाली आले, गाडा उलटून भिंतीवर आपटला, आणि शरू माझ्या छातीवर बसून माझ्या झिंज्या धरून म्हणाली, "बोल, हरलीस! बोल!" "नाही बोलत!" मी ओरडले. माझं तोंड रक्तासारखं खारट झालं होतं, कोपर सोलवटलं होतं आणि मला इतका आनंद झाला होता की मी हसत होते. शरूही हसायच्या बेतात होती. तेवढ्यात आई आली.

आईनं हंडा टाकला. शरूला दंडाला धरून बाजूला फेकलं, नेमक्या त्याच दंडाला. "पांगळ्या पोरीवर हात टाकतेस?" ती किंचाळली. तो शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला. सगळी लाईन जमली. दामलेकाकूंनी शरूला ओढत त्यांच्या अंगणात नेलं आणि मारलं. आमच्या व्हरांड्यातून सगळं ऐकू येत होतं. शरू ओरडत नव्हती. मी आधी वेणी ओढली, मी चावले, यातलं तिनं काही सांगितलं नाही. मीही नाही. आईनं मला मांडीवर घेतलं होतं, हळद लावत होती, बायका जवळ बसून च् च् करत होत्या. इतके महिने मला काही वाटत नव्हतं, आणि नेमकं तेव्हा वाटायला लागलं. गप्प बसण्यात किती सोय आहे ते मला कळलं. संध्याकाळी शरूला आणून माझ्यासमोर उभी केली. तिनं हात जोडले आणि म्हटलं, "चुकलं माझं. पुन्हा नाही करणार." मी म्हटलं, "असू दे."

गुरुवारी चार वाजता ती आली. तोंड धुऊन, वेणीफणी करून. समोर बसली, गोटे मांडले.

"दंड दाखव," मी म्हटलं.

तिनं बाही वर केली. काळानिळा अर्धा चंद्र होता. मला वाटलं होतं त्याहून मोठा.

"तुझ्या आईला सांगितलं का नाहीस?"

"सांगून? माझं कोण खरं धरणार?"

"मी सांगते."

"तू सांगितलंस तरी कुणी धरणार नाही," शरू म्हणाली. तिनं गोटा उडवला, खाली येऊ दिला आणि बोटांतून सोडला. "गेला माझा. आता तू."

त्या साडेपाचला खाऊ घेऊन शरू पळाली नाही. चालत गेली. पावलं मोजता येत नव्हती इतकी हळू. मी व्हरांड्यात बसून विचार केला की आता हे असंच राहणार. शरू दर गुरुवारी येत राहणार, मोठी होईपर्यंत, लग्न होऊन जाईपर्यंत. आणि ती भांडणारी शरू कधीही परत येणार नाही. मला भीती वाटली.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर आई जराशी लवंडली. मी नहाणीतल्या काठीनं फळीवरचे ठोकळे खाली पाडले. गाड्यावर बसणं मला जमत होतं. उंबऱ्यापुढे एकच पायरी होती, ती कशी उतरले ते आता नीट आठवत नाही. गाडा आधी गेला आणि मी नंतर. मग ठोकळे मुठीत धरून जमीन रेटायला लागले. लाईनीपुढे खडी पसरलेली होती. एका वेळी हातभर पुढे जायची, चाकात खडा अडकायचा, मागे येऊन वळसा घ्यायची. दोरी चाकाखाली येत होती म्हणून ती दातात धरली. तीन घरांचं अंतर. कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा मी दुसऱ्या घराशी होते. ते लेलेकाकूंचं. त्या दारात आल्या, मला पाहून "अगो बाई" म्हणत पायरी उतरायला लागल्या. मी दोरी तोंडातून काढली. "काकू, नका येऊ." त्या पायरीवरच थांबल्या. खिळ्यांबद्दल मी तेव्हाच त्यांची माफी मागायला हवी होती. ती मी मागितली, पण बऱ्याच वर्षांनी.

दामलेकाकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं सूप हातातून सुटलं. "एकटी आलीस? एवढ्या उन्हात? अगं तुझी आई कुठाय?"

"काकू," मी म्हटलं, "आधी मी शरूची वेणी ओढली. मग मी तिला चावले. तिनं मग मला ढकललं. तुम्ही तिला मारलंत तेव्हा मी गप्प बसले. मला मारा."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"तिच्या दंडावर आहे बघा," मी म्हटलं. "बाहीखाली. माझे दात आहेत."

"बघते हं बाळ, बघते." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "काय तरी मन आहे पोरीचं! स्वतः सोसलं आणि वर शरूचा कैवार घ्यायला खडीतून खुरडत आली! शरे, ये इकडे. बघ, आणि शीक काहीतरी!"

"काकू, मी खोटं नाही बोलत. मी चावले!"

"हो हो, कळलं मला," असं म्हणत त्या आत गेल्या आणि बेसनाचा एक लाडू आणून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. दसऱ्याचा उरलेला, मोठा, बेदाणे लावलेला. माझ्या केसांवरून हात फिरवला. मला किंकाळी फोडावीशी वाटत होती. माझे दोन्ही तळहात सोलले होते, त्यावर तो लाडू होता, आणि तो कुठे ठेवायला जागा नव्हती.

शरू दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग ठोकळ्यांकडे, मग खडीत उमटलेल्या चाकांच्या वेड्यावाकड्या रेघांकडे, आमच्या घरापर्यंत. मग लाडवाकडे. ती पायरी उतरून खाली आली आणि तिनं तो लाडू माझ्या हातातून काढून घेतला.

"मार मी खाल्लाय," ती म्हणाली. "लाडूपण मीच खाणार."

"शरे!" काकू ओरडल्या.

शरू माझ्या गाड्याला पाठ लावून खाली खडीत बसली आणि खायला लागली. सावकाश, बोटं चाटत. मी मागून हात पुढे केला. तिनं खांद्यानं तो उडवून लावला. मी तिच्या पाठीत एक गुद्दा घातला, तरी ती खातच राहिली, आणि शेवटचा बेदाणासुद्धा तिनं मला दिला नाही.